जुन्या प्रायमरीला गप्प कोण बसवणार? क्लाउड व्हीएमवरच्या पोस्टग्रेसच्या हाय अव्हेलेबिलिटीचं एक प्रकरण

## पार्श्वभूमी

हाय अव्हेलेबिलिटी म्हणजे एखादं मशीन पडलं तरी डेटाबेस चालू ठेवण्याची व्यवस्था. मालाची साठवण आणि वितरण करणाऱ्या एका कंपनीचा हा डेटाबेस. ऑर्डरी, साठ्याच्या नोंदी, पाठवणीची लेबलं, सगळं एकाच पोस्टग्रेस १४ मध्ये. आकार सुमारे ६०० जीबी. काम चोवीस तास चालतं, त्यामुळे ‘रात्री तासभर बंद ठेवू’ ही सोय नाही. आधी हा डेटाबेस कंपनीच्याच सर्व्हर रूममध्ये होता. क्लाउडवर नेताना मुदत तोंडावर आली होती, म्हणून जुनी मांडणी जशीच्या तशी उचलली गेली: एक प्रायमरी (ज्यात लिहिलं जातं ती मुख्य प्रत), एक स्टँडबाय (तयार ठेवलेली दुसरी प्रत), दोघांत असिंक्रोनस स्ट्रीमिंग रेप्लिकेशन (प्रायमरीतले बदल, पोचेची वाट न पाहता, स्टँडबायला सतत पाठवणं) आणि पुढे कीपअलाइव्हडी या प्रोग्रामने सांभाळलेला एक व्हर्च्युअल आयपी, म्हणजे एका मशीनवरून दुसऱ्यावर हलवता येणारा पत्ता. प्रायमरी १६ कोर आणि ६४ जीबी मेमरीचा. स्टँडबाय, खर्च वाचावा म्हणून, त्याच्या निम्मा. दोन्ही व्हीएम (आभासी मशीन) एकाच झोनमध्ये, म्हणजे पुरवठादाराच्या डेटा सेंटरांच्या एकाच गटात होती, कारण ती तयार करताना झोनच्या रकान्याला कोणी हात लावला नव्हता.

स्टँडबायला प्रायमरी करायचं काम एका शेल स्क्रिप्टकडे होतं. दर ५ सेकंदांनी प्रायमरीला पिंग करायचं आणि सलग ३ वेळा उत्तर आलं नाही की प्रमोट करायचं, एवढंच तिचं तर्कशास्त्र. सर्व्हर रूममध्ये ती वर्षानुवर्षं चालली, कारण तिथे तिची खरी परीक्षा होण्याचा प्रसंग कधी आलाच नाही.

## घडलं काय

एका पहाटे क्लाउड पुरवठादाराने देखभालीसाठी प्रायमरीचं व्हीएम एका होस्टवरून दुसऱ्या होस्टवर हलवलं. अशा लाइव्ह मायग्रेशनमध्ये व्हीएम थोडा वेळ गोठतं. मेमरी शाबूत राहते, प्रोसेस मरत नाहीत, फक्त तेवढा वेळ मशीनसाठी काळ थांबतो. या वेळी ते २२ सेकंद थांबलं. पंधराव्या सेकंदाच्या सुमारास स्क्रिप्टने हिशोब केला आणि स्टँडबाय प्रायमरी झाला. मग जुनं मशीन जागं झालं. आपण झोपलो होतो याची त्याला कल्पनाच नव्हती, त्यामुळे ते प्रायमरी म्हणूनच काम करत राहिलं.

व्हर्च्युअल आयपीने मदत केली नाही. स्टँडबायवरच्या कीपअलाइव्हडीने तो आयपी आपल्या इंटरफेसवर लावला आणि ‘हा पत्ता आता माझा’ अशी एआरपीची घोषणा केली. सर्व्हर रूममधला स्विच ती घोषणा ऐकतो. क्लाउडचं नेटवर्क मात्र कुठला आयपी कुठल्या व्हीएमचा हे स्वतःच्या नोंदीवरून ठरवतं. व्हीएमच्या आतून आलेली एआरपी घोषणा तिथे हिशोबात धरली जात नाही. त्या नोंदीत पत्ता जुन्या मशीनच्याच नावावर होता, म्हणून मुख्य ॲप्लिकेशन जुन्याच प्रायमरीत लिहीत राहिलं.

नव्या प्रायमरीत कोणी लिहिलं नसतं तर प्रकरण तिथेच निभावलं असतं. पण भागीदारांच्या फाइली आयात करणाऱ्या दोन जॉब सर्व्हरांच्या कनेक्शन स्ट्रिंगमध्ये (डेटाबेसला कुठे जोडायचं हे सांगणाऱ्या ओळीत) दोन्ही मशीनचे थेट पत्ते होते, स्टँडबायचा आधी, आणि ‘रीड-राइट चालणारं मशीन निवड’ अशी अट. स्टँडबाय केवळ वाचण्याजोगा होता तोवर लायब्ररी त्याला वगळून प्रायमरीकडे जायची. प्रमोशन झालं आणि यादीतलं पहिलंच मशीन त्या अटीत बसू लागलं. एका म्यानात दोन तलवारी, तशी ४१ मिनिटं गेली. मॉनिटरिंगवर दोन्ही मशीन हिरवी होती. आयात झालेल्या ऑर्डरींची लेबलं निघेनात, म्हणून गोदामातून फोन आला तेव्हा कुठे प्रकार उघडकीस आला.

निस्तरायला दोन दिवस लागले. जुन्या प्रायमरीला प्रमाण मानून नव्या बाजूच्या सुमारे २,३०० ऑर्डरी हाताने मिसळाव्या लागल्या. ज्या टेबलांत ‘शेवटचा बदल केव्हा’ हा स्तंभ नव्हता, तिथे ओळी शेजारी शेजारी ठेवून ताडाव्या लागल्या. सिक्वेन्सने, म्हणजे नोंदींना चढते क्रमांक देणाऱ्या सोयीने, वेगळाच घोळ घातला. पोस्टग्रेस सिक्वेन्सचे पुढचे ३२ आकडे आगाऊच वॉलमध्ये, म्हणजे राइट-अहेड लॉगमध्ये, नोंदवून ठेवतं. त्यामुळे प्रमोट झालेल्या बाजूचे क्रमांक थोडे पुढून सुरू झाले आणि पहिल्या काही नोंदींत टक्कर दिसली नाही. तेवढ्याच नोंदी पाहून तपासणाऱ्यांनी ‘क्रमांक वेगळे आहेत, सरळ घालून टाकू’ असं ठरवलं होतं. सुदैवाने घालण्याआधी पूर्ण यादी जुळवली गेली आणि पुढच्या शेकडो ऑर्डरींचे क्रमांक दोन्हीकडे तेच निघाले.

## मूळ दुखणं

पहिल्या बैठकीत चर्चा रेप्लिकेशनवरच फिरत होती. रेप्लिकेशनचा यात काहीच दोष नव्हता. दुखणं तीन ठिकाणी होतं. प्रायमरी मेला की फक्त दिसेनासा झाला, हे एकच निरीक्षक एकाच बाजूने ठरवत होता. नवा प्रायमरी उभा करण्याआधी जुन्याला लिहिण्यापासून रोखणारं काही नव्हतं. आणि ॲप्लिकेशनला नव्या जागी नेणारी यंत्रणा क्लाउडच्या नेटवर्कवर चालणारीच नव्हती.

यातला दुसरा मुद्दा सर्वांत कठीण. दुसरी प्रत ठेवणं आज सोपं आहे; जुन्या प्रायमरीकडून लिहिण्याचा अधिकार खात्रीने काढून घेणं अवघड. पुढचे जवळपास सगळे निर्णय या एका प्रश्नाभोवती फिरले.

## समोर असलेले पर्याय

जुनीच मांडणी दुरुस्त करायची, म्हणजे स्क्रिप्टमधून क्लाउडच्या एपीआयला सांगून आयपी हलवायचा, हा सगळ्यात स्वस्त पर्याय होता. पण दोनच मशीन असली की मधला दुवा तुटल्यावर दोघांनाही ‘समोरचा मेला’ असंच वाटतं. तिसरं मत नसलेल्या रचनेत हा प्रश्न सुटत नाही, म्हणून तो बाद झाला.

पुरवठादाराची तयार मॅनेज्ड डेटाबेस सेवा घ्यायची, हा पर्याय सर्वप्रथम तोलायला हवा आणि इथे तो तोललाही गेला. अडचण एका एक्स्टेंशनची होती: साठ्याची गणितं करणारं, सी भाषेत लिहिलेलं, कंपनीचं स्वतःचं. तयार सेवेत असं एक्स्टेंशन बसवता येत नाही. ते नसतं, तर या लेखातलं पुढचं बहुतेक काम करावंच लागलं नसतं.

पेसमेकर आणि कोरोसिंक ही क्लस्टर सांभाळणारी सॉफ्टवेअर, सोबत क्लाउड एपीआयने जुनं व्हीएम बंद करणारं फेन्सिंग, हा मार्ग भक्कम आहे. पण बंद करण्याची विनंती केल्यापासून व्हीएम खरंच बंद झाल्याची खात्री मिळेपर्यंत जाणारा वेळ चाचणीत कधी १० सेकंद, तर कधी दोन मिनिटांच्या पुढे गेला. शिवाय ते चालवण्याचा अनुभव कोणाकडे नव्हता.

निवड झाली ती पॅट्रोनी आणि एटसीडीची. पॅट्रोनी हा प्रत्येक मशीनवर बसून तिथलं पोस्टग्रेस सांभाळणारा प्रोग्राम. एटसीडी ही बहुमताने चालणारी छोटी की-व्हॅल्यू साठवण आहे. तिच्यातली ‘लीडर’ ही मुदतीची किल्ली ज्याच्याकडे, तो प्रायमरी. मुदत संपण्याआधी किल्लीचं नूतनीकरण जमलं नाही, तर पॅट्रोनी आपलं पोस्टग्रेस प्रायमरीच्या जागेवरून स्वतःहून खाली उतरवतं. अधिकार कोणाचा याचा निकाल एका जागी, बहुमताने लागतो.

## रचना ठरवताना

किती मशीन, कुठे. तीन झोनमध्ये तीन डेटाबेस व्हीएम, तिन्ही समान आकाराची. स्टँडबाय लहान ठेवण्याचा मोह पुन्हा झालाच होता. पण फेलओव्हर, म्हणजे स्टँडबायने प्रायमरीची जागा घेणं, गर्दीच्या वेळीही होऊ शकतो आणि निम्म्या मशीनवर पूर्ण भार पडला की दहा मिनिटांत दुसरी घटना उभी राहते. आकार निवडताना डिस्कची आयओपीएस (सेकंदाला किती वाचन-लेखनं) मर्यादा पाहिली जाते, व्हीएमची स्वतःची मर्यादा मात्र विसरली जाते. वेगवान डिस्क लहान व्हीएमला जोडली, तर वेग व्हीएमच्या मर्यादेइतकाच मिळतो.

ऑपरेटिंग सिस्टीमची आवृत्ती. नव्या व्हीएमसाठी नवी इमेज, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा तयार साचा, घ्यायची असं आधी ठरलं होतं. स्ट्रीमिंग रेप्लिकेशन इंडेक्स बाइट-टू-बाइट नेतं, पण मजकुराचा क्रम पोस्टग्रेस बहुतेक वेळा ऑपरेटिंग सिस्टीमच्या जीलिबसी या लायब्ररीला विचारतं. जीलिबसी २.२८ मध्ये क्रमाचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. त्याआधीच्या आवृत्तीवर बांधलेला इंडेक्स त्यानंतरच्या आवृत्तीवर वाचला की असलेल्या ओळी सापडत नाहीत आणि युनिक इंडेक्समध्ये दुहेरी नोंदी शिरतात. जुनी मशीन २.२८ च्या आधीची होती, नवी इमेज नंतरची. म्हणून या टप्प्यात तीच जुनी आवृत्ती ठेवली आणि ऑपरेटिंग सिस्टीमचं अपग्रेड, सगळ्या मजकूर-इंडेक्सच्या पुनर्बांधणीसह, वेगळं काम म्हणून काढलं.

सिंक्रोनस की असिंक्रोनस. हा निर्णय सर्वांत जास्त लांबला. असिंक्रोनसमध्ये कमिट, म्हणजे बदल पक्का करणं, स्टँडबायच्या पोचेची वाट न पाहता लवकर परततं, पण प्रायमरी गेला की शेवटच्या काही क्षणांच्या ऑर्डरी जातात. व्यवसायाच्या बाजूने उत्तर स्पष्ट आलं: एक मिनिट लिहिणं थांबलं तर चालेल, पावती दिलेली ऑर्डर हरवलेली चालणार नाही. म्हणून पॅट्रोनीचा सिंक्रोनस मोड चालू केला: दोन स्टँडबायपैकी एक सिंक्रोनस, दुसरा असिंक्रोनस. सिंक्रोनस असलेला पडला, तर पॅट्रोनी दुसऱ्याला त्या जागी बसवतं. ‘स्ट्रिक्ट’ प्रकार, ज्यात एकही स्टँडबाय नसेल तर लिहिणंच थांबतं, तो नाकारला. दोन्ही स्टँडबाय एकाच वेळी गेले, तर एकट्या प्रायमरीवर काम चालू ठेवायचं आणि ती जोखीम आहे हे लिहून ठेवायचं, असं ठरलं.

सिंक्रोनस मोड निवडण्यामागे आणखी एक कारण होतं, आणि माझ्या मते तेच या रचनेचं मर्म आहे. समजा लीडर मिनिटभर गोठला. किल्लीची मुदत संपली, सिंक्रोनस स्टँडबाय प्रायमरी झाला. आता जुना जागा होतो. त्याच्याकडे जुनी कनेक्शन्स जिवंत आहेत आणि त्यातून कमिट येतं. पण ते पूर्ण व्हायला सिंक्रोनस स्टँडबायची पोच लागते, आणि तो स्टँडबाय तर स्वतःच प्रायमरी झालेला आहे. पोच येत नाही, कमिट अडकून राहतं, तेवढ्यात पॅट्रोनी जागं होऊन किल्ली गेल्याचं पाहतं आणि पोस्टग्रेस खाली उतरवतं. सिंक्रोनस स्टँडबायची यादी बदलायलाही आधी एटसीडीतली नोंद बदलावी लागते आणि ती केवळ किल्लीधारकाला जमते. पळवाट एकच उरते: पोचेची वाट पाहणारं कमिट क्लायंटने रद्द केलं, तर पोस्टग्रेस नुसता इशारा देऊन व्यवहार स्थानिक पातळीवर झाल्याचं कळवतं. म्हणून ॲप्लिकेशनमधून कमिटच्या टप्प्यावर रद्द करण्याची सोय काढून टाकली.

याची किंमत वेगात मोजली. झोन ओलांडून जायला-यायला सुमारे दीड मिलिसेकंद लागत होते. एकेका ऑर्डरीला ते जाणवलंही नाही. पण ओळीमागे एक कमिट करणारी रात्रीची २ लाख ओळींची आयात पाच मिनिटांनी लांबली. आयात १,००० ओळींच्या गठ्ठ्यांत केली आणि ती उलट पहिल्यापेक्षा लवकर संपू लागली. हरवल्या तरी चालतील अशा लॉगच्या नोंदींना त्या त्या व्यवहारापुरतं ‘सिंक्रोनस कमिट: लोकल’ केलं.

मुदतीचं गणित. पॅट्रोनीची मूळ मूल्यं अशी: किल्लीची मुदत, म्हणजे टीटीएल, ३० सेकंद; ती नूतन करण्याची फेरी १० सेकंदांची; पुन्हा प्रयत्नाची मर्यादा १० सेकंद. फेरी आणि प्रयत्न-मर्यादेची दुप्पट यांची बेरीज टीटीएलपेक्षा जास्त होऊ द्यायची नाही. गोठण्याआधी किल्ली नुकतीच नूतन झाली असेलच असं नाही; तिला १० सेकंद उलटून गेलेले असू शकतात. मग ३० पैकी हातात २० उरतात आणि २२ सेकंदांचं गोठणं विनाकारण फेलओव्हर घडवतं. म्हणून टीटीएल ४५, प्रयत्न-मर्यादा १५ आणि फेरी १० ठेवली. आता वाईटात वाईट परिस्थितीतही ३५ सेकंद हाती राहतात. मोबदल्यात मशीन खरंच मेलं, तर ते कळायला जास्तीत जास्त ४५ सेकंद. व्यवसायाने दिलेल्या एका मिनिटात हे बसत होतं, पण जेमतेम.

आणखी एक मूल्य सहज नजरेतून सुटतं: पोस्टग्रेस क्रॅश झालं, पण मशीन जिवंत असेल, तर पॅट्रोनी आधी त्याच मशीनवर ते उठवून पाहतं आणि त्यासाठी मूळ मूल्यानुसार ३०० सेकंद देतं. ते ६० केलं.

ॲप्लिकेशन नव्या प्रायमरीकडे कसं जाणार. पुढे क्लाउडचा अंतर्गत लोड बॅलन्सर, म्हणजे ट्रॅफिक योग्य मशीनकडे वळवणारी सेवा, ठेवला. त्याची हेल्थ चेक पॅट्रोनीच्या ८००८ पोर्टवरच्या ‘प्रायमरी’ या पाथवर. लीडर तिथे २०० (ठीक) उत्तर देतो, बाकीचे ५०३ (उपलब्ध नाही). दर ५ सेकंदांनी तपासणी, सलग दोनदा निकाल आला की बदल. पहिल्या दिवशी तिन्ही मशीन आजारी दिसली. फायरवॉलने ८००८ केवळ सदस्यांसाठी उघडला होता आणि बॅलन्सरची चौकशी पुरवठादाराच्या वेगळ्याच पत्त्यांवरून येत होती. डेटाबेस व्हीएमवरचेच, ठरलेल्या वेळी चालणारे काही क्रॉन जॉब बॅलन्सरच्या पत्त्याने जोडले जात; लीडरवर ते लटकत, कारण त्या बॅलन्सरमध्ये व्हीएमला बॅलन्सरमार्गे स्वतःकडेच परत येता येत नव्हतं. ते जॉब वेगळ्या मशीनवर नेले. आणि सगळे सदस्य आजारी असले की काही बॅलन्सर सगळ्यांकडेच ट्रॅफिक सोडतात, म्हणून कनेक्शन स्ट्रिंगमध्ये बॅलन्सरचा एकच पत्ता ठेवून रीड-राइटची अट कायम ठेवली. थेट पत्ते सगळीकडून काढले.

क्लायंटची टाइमआउट हे काम कंटाळवाणं आहे, पण त्यावाचून बाकी सगळं वाया जातं. मशीन अचानक गेलं की क्लायंटला ‘कनेक्शन तुटलं’ असं सांगायला कोणी उरत नाही. लिनक्सच्या मूळ मूल्यांनुसार निष्क्रिय कनेक्शनवरचा पहिला कीपअलाइव्ह (समोरचा जिवंत आहे का ही चाचपणी) ७,२०० सेकंदांनी जातो, आणि पाठवलेल्या डेटाला पोच नसेल तर पुन्हा पुन्हा पाठवण्यात साधारण १५ मिनिटं जातात. एवढा वेळ कनेक्शन पूल (ॲप्लिकेशनने उघडी ठेवलेली कनेक्शन्स) मेलेल्या मशीनला धरून बसतो. म्हणून कीपअलाइव्ह १० सेकंदांनी सुरू, ५ सेकंदांच्या अंतराने ३ प्रयत्न, आणि टीसीपी यूजर टाइमआउट, म्हणजे पोचेची कमाल वाट, २० सेकंद.

एटसीडी कुठे. पैसे आणि मशीन वाचवायला एटसीडी सुरुवातीला डेटाबेसच्याच व्हीएमवर, त्याच डिस्कवर ठेवलं होतं. हा निर्णय चुकला. एटसीडी प्रत्येक नोंद डिस्कवर पक्की करतं. त्याला लागणारी वेळ (वॉल एफसिंक) शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा १० मिलिसेकंदांच्या आत असावी अशी अपेक्षा असते. रात्रीच्या आयातीत ती शेकडो मिलिसेकंदांवर गेली, एटसीडीचा नेता वारंवार बदलू लागला, पॅट्रोनीला किल्लीचं नूतनीकरण जमेना, आणि धडधाकट प्रायमरी स्वतःहून खाली उतरला. डेटाबेसमध्ये काहीही बिघडलेलं नसताना डेटाबेस बंद पडला. मग तीन झोनमध्ये तीन लहान, वेगळी व्हीएम एटसीडीला दिली. सोबत पॅट्रोनी ३.० पासून आलेला फेलसेफ मोड चालू केला: एटसीडी दिसेनासं झालं, पण बाकीचे सर्व सदस्य थेट संपर्कात असले आणि त्यांनी लीडरला मान्यता दिली, तर तो प्रायमरी राहतो. एका जरी सदस्याचं उत्तर आलं नाही तर मात्र उतरतो.

## जुन्यावरून नव्यावर

नव्या तीन मशीनचं पॅट्रोनी आधी ‘स्टँडबाय क्लस्टर’ म्हणून उभं केलं. त्याचा पहिला सदस्य जुन्या प्रायमरीवरून डेटा घेत होता, बाकीचे दोन त्या पहिल्यावरून. रचना चार दिवस तशीच चालू ठेवून लॅग, म्हणजे प्रत किती मागे राहते ते, पाहिला. बदलाच्या वेळी ॲप्लिकेशनचं लिहिणं थांबवलं, दोन्हीकडची वॉलमधली स्थिती जुळल्याची खात्री केली, जुनं पोस्टग्रेस बंद केलं आणि कॉन्फिगरेशनमधून स्टँडबाय क्लस्टरचा भाग काढला. नवा लीडर प्रमोट झाला. लिहिणं एकूण ४ मिनिटं थांबलं.

दोन बारीक गोष्टी इथे लक्षात ठेवाव्यात. पोस्टग्रेसची सिस्टीमडी सेवा (मशीन सुरू होताना ते आपोआप उठवणारी) तिन्ही मशीनवर बंद करायला हवी. नाहीतर रीबूटनंतर पॅट्रोनीच्या आधी तीच डेटाबेस उठवते. आणि पीजी-रीवाइंड (जुन्या प्रायमरीतला फक्त वेगळा पडलेला भाग नव्याशी जुळवणारं साधन) वापरण्याची परवानगी पॅट्रोनीत स्वतः चालू करावी लागते. ती नसली, तर परत आलेल्या जुन्या प्रायमरीची पूर्ण ६०० जीबीची प्रत नव्याने घ्यावी लागते आणि तेवढे तास एक मशीन कमी राहतं.

रेप्लिकेशन स्लॉटमुळे, म्हणजे स्टँडबायने न घेतलेली वॉल जपून ठेवणाऱ्या सोयीमुळे, वॉल साचून डिस्क भरू नये म्हणून स्लॉटसाठी राखायच्या वॉलची कमाल मर्यादा १०० जीबी केली. मूळ मूल्यात मर्यादाच नसते.

## तालीम

प्रत्येक बिघाड मुद्दाम घडवला. प्रत्येक वेळी एक छोटी स्क्रिप्ट सेकंदाला २० ओळी घालत होती आणि पोच मिळालेला क्रमांक वेगळ्या मशीनवरच्या फाइलीत लिहीत होती. नंतर फाइल आणि टेबल ताडायचं. पोच मिळालेली एकही ओळ टेबलात कमी नको, एवढाच निकष.

व्हीएम जबरदस्तीने बंद करण्याच्या पाच चाचण्यांत लिहिणं ४९ ते ५८ सेकंद थांबलं. ठरवून केलेल्या स्विचओव्हरमध्ये (प्रायमरीच्या अदलाबदलीत) १२ ते १६ सेकंद, त्यातले बहुतेक बॅलन्सरच्या तपासणीचे.

सगळ्यात जास्त हाती लागलं ते गोठण्याच्या चाचणीत. क्लाउडमध्ये आख्खं व्हीएम हवं तेव्हा गोठवता येत नाही, म्हणून लीडरवरचं पॅट्रोनी २८ सेकंद थांबवून ठेवलं. गणितानुसार काहीच व्हायला नको होतं. तरीही दुसरा लीडर उभा राहिला. टीटीएल ४५ लिहिलं होतं ते पॅट्रोनीच्या वायएएमएल कॉन्फिगरेशन फाइलीतल्या बूटस्ट्रॅपच्या भागात, आणि तो भाग क्लस्टर पहिल्यांदा उभं राहताना एकदाच वाचला जातो. नंतरचे बदल पॅट्रोनीसीटीएल या साधनाच्या एडिट-कॉन्फिग आज्ञेने एटसीडीत करावे लागतात. चालू क्लस्टरमध्ये ३० च होतं.

त्याच चाचणीत दुसरा दोष दिसला. टीटीएल संपण्याच्या ५ सेकंद आधी वॉचडॉगने (वेळेत संकेत मिळाला नाही तर मशीन रीबूट करणाऱ्या यंत्रणेने) जुनं मशीन रीबूट करायला हवं होतं. ते झालं नाही. सॉफ्टडॉग हे सॉफ्टवेअर वॉचडॉगचं मॉड्यूल चालू होतं, पण वॉचडॉगचं डिव्हाइस उघडण्याची परवानगी पोस्टग्रेस यूजरला नव्हती, आणि ‘ऑटोमॅटिक’ मोडमध्ये पॅट्रोनी लॉगमध्ये एक ओळ टाकून वॉचडॉगविनाच पुढे जातं. परवानगी दिली आणि मोड ‘रिक्वायर्ड’ केला. आता वॉचडॉग मिळाला नाही तर ते मशीन लीडरच होत नाही. दोन्ही दोष असतानाही स्क्रिप्टच्या फाइलीतली एकही ओळ हरवली नव्हती. जुन्या बाजूचं कमिट पोचेविना अडकून राहिलं होतं. सॉफ्टवेअर वॉचडॉग गोठलेल्या व्हीएमसोबत स्वतःही गोठतो, म्हणून त्याच्यावर एकट्यावर भिस्त ठेवता येत नाही.

## निष्पत्ती

सहा महिन्यांनी लीडरचा होस्ट खरंच गेला. लिहिणं ५४ सेकंद थांबलं, एकही ऑर्डर हरवली नाही, जुनं मशीन दुसऱ्या होस्टवर उठून पीजी-रीवाइंडने ६ मिनिटांत परत सामील झालं. रात्रीच्या पाळीवरच्या माणसाला फक्त पाहायचं काम होतं.

पण दुसऱ्या दिवशी दुपारी नव्या लीडरची डिस्क ८० टक्के भरल्याचा इशारा आला. बॅकअपसाठी वॉल बाहेर पाठवणारी आज्ञा तिन्ही मशीनवर होती. बॅकअप जिथे जातो त्या ऑब्जेक्ट स्टोरेजची प्रवेश-किल्ली मात्र फक्त पहिल्या मशीनवर. पाठवणं फसत राहिलं की पोस्टग्रेस त्या फाइली जपून ठेवतं, म्हणून त्या साचत गेल्या. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे तेवढ्या तासांचा बॅकअपच नव्हता. हाय अव्हेलेबिलिटी बॅकअपची जागा घेत नाही. चुकून केलेलं डिलीट तिन्ही प्रतींवर तितक्याच तत्परतेने पोचतं. तालमीत हे दिसलं नाही, कारण प्रत्येक चाचणीनंतर सवयीने लीडर पुन्हा पहिल्या मशीनवर आणला जात होता. आता तो परत आणला जात नाही, आणि दर महिन्याच्या स्विचओव्हरमध्ये तो पुढच्या मशीनवर जाऊन तिथेच राहतो.

## काय वेगळं करता आलं असतं

‘किती वेळ थांबलं तर चालेल आणि किती नोंदी गेल्या तर चालतील’ हा प्रश्न व्यवसायाला पाचव्या आठवड्यात विचारला गेला. तो पहिल्या दिवशी विचारला असता, तर सिंक्रोनसवरचा वाद निम्म्यात मिटला असता आणि टीटीएल दोनदा बदलावं लागलं नसतं. क्लायंटची टाइमआउट बाकी रचनेची वाट न पाहता लगेच लावता आली असती; जुन्या मांडणीतही त्यांचा उपयोग होता. एटसीडीची वेगळी मशीन सुरुवातीपासूनच हवी होती. ते एक्स्टेंशन डेटाबेसबाहेर एखाद्या सेवेत नेता येईल का, हेही नीट तपासलं गेलं नाही. तपासलं असतं तर मॅनेज्ड सेवेचं दार कदाचित उघडं राहिलं असतं.

मॉनिटरिंगमध्ये एक तपासणी नव्याने आली, जी पहिल्या पहाटे असती तर ४१ मिनिटांची २ झाली असती: तिन्ही मशीनना थेट विचारायचं की ‘तू रिकव्हरीत (म्हणजे स्टँडबाय) आहेस का’, आणि ‘नाही’ म्हणणारी एकापेक्षा जास्त निघाली की लगेच फोन.

आख्खं रीजन, म्हणजे तिन्ही झोन असलेला पुरवठादाराचा भौगोलिक विभाग, गेलं तर काय, हे अजून पूर्ण झालेलं नाही. दुसऱ्या रीजनमध्ये असिंक्रोनस स्टँडबाय क्लस्टर चालू आहे. त्याला प्रमोट करायचं ते माणसाने, आपोआप नाही, असं ठरलं आहे, कारण तिथे काही सेकंदांच्या ऑर्डरी गमावण्याचा निर्णय घ्यावा लागतो. तो निर्णय कोणी घ्यायचा आणि ती व्यक्ती फोनवर मिळाली नाही तर कोणी, ही दोन नावं कार्यपद्धतीच्या कागदावर अजून लिहायची आहेत.